स्प्लीन लहान राहिली म्हणजे औषध चाललं असं नसतं: एमएड्सच्या उंदरांवर औषध तपासायची नीट पद्धत

एमएड्स म्हणजे म्युरिन एड्स. एलपी-बीएम५ नावाचं रेट्रोव्हायरसचं (आरएनएवरून डीएनए बनवून पेशीच्या डीएनएत शिरणाऱ्या व्हायरसचं) मिश्रण टोचलं की काही ठराविक जातीच्या उंदरांची इम्युनिटी हळूहळू ढासळते, स्प्लीन (प्लीहा) आणि लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) फुगतात, रक्तातलं इम्युनोग्लोब्युलिन (अँटीबॉडी प्रोटीन) वाढतं आणि शेवटी उंदीर मरतो. यावर औषध तपासताना एकच चूक इतक्या जणांकडून होते की आता लिहूनच काढलं. बाराव्या आठवड्याला उंदीर उघडायचा, स्प्लीनचं वजन करायचं, औषधवाल्या ग्रुपची स्प्लीन लहान निघाली की झालं, औषध चाललं म्हणून जाहीर करायचं.

अहो पण स्प्लीन लहान राहायला कारणं ढीगभर आहेत. इन्फेक्शन लागलंच नसेल, टोचायच्या स्टॉकमध्ये (व्हायरसच्या साठवलेल्या द्रावणात) आजार करणारा व्हायरसच कमी असेल, औषधाने व्हायरसला हातही न लावता नुसत्या बी सेल (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) मारल्या असतील, नाहीतर औषध कडू म्हणून उंदीर पाणीच पीत नसेल आणि सुकत चालला असेल. खालचा क्रम असाच लावलाय की एकेक कारण आधीच कटाप होत जाईल. क्रम मोडला तर नंतर कितीही भारी स्टॅटिस्टिक्स लावा, उपयोग नाही.

## १. आधी ठरवा: तुमचं औषध या व्हायरसवर चालू तरी शकतं का

एचआयव्ही उंदराला लागत नाही, म्हणून आपण उंदराचाच रेट्रोव्हायरस वापरतो. पण मग एचआयव्हीचं प्रत्येक औषध इथे चालेल हे धरून चालणं म्हणजे चुकीच्या कुलपाला किल्ली लावत बसणं.

झिडोव्हुडीन म्हणजे एझेडटी चालतं, टेनोफोव्हिरच्या कुटुंबातली औषधं चालतात. लॅमिव्हुडीन मात्र नाही, कारण म्युरिन ल्युकेमिया व्हायरसच्या (एलपी-बीएम५ याच घराण्यातलं) रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजमध्ये (आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या एंझाइममध्ये) मोक्याच्या जागी मुळातच व्हॅलिन हे अमिनो आम्ल असतं, म्हणजे एचआयव्हीमध्ये जो बदल रेझिस्टन्स म्हणून येतो तो इथे जन्मापासूनच आहे. नेव्हिरापिनसारखी औषधं एचआयव्ही-१ च्या एंझाइमच्या एका खास खाचेत बसतात, ती तर एचआयव्ही-२ वर पण चालत नाहीत, मग उंदराच्या व्हायरसची काय कथा. आणि सीसीआर५ किंवा सीडी४ (एचआयव्ही पेशीत शिरतो ती दारं) अडवणारं औषध असेल तर या मॉडेलमध्ये ते घालूच नका, इकोट्रोपिक (उंदीरवर्गाच्या पेशींनाच लागणारा) व्हायरस आत शिरतो तो कॅट-१ नावाच्या अमिनो आम्ल वाहून नेणाऱ्या प्रोटीनमधून. तसं औषध असेल तर ह्युमनाइज्ड उंदीर (मानवी इम्यून पेशी घातलेले) घ्या.

दुसरा प्रकार म्हणजे व्हायरसवर नाही तर उंदराच्या पेशींवर चालणारी औषधं, उदा. सायक्लोफॉस्फामाइड किंवा टी सेल (इम्युनिटीला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि बी सेलचं आपसातलं बोलणं तोडणाऱ्या अँटीबॉडी. ती पण तपासता येतात पण प्रश्न वेगळा होतो, मोजमापं वेगळी होतात. तुमचं औषध कोणत्या गटातलं ते पहिल्याच पानावर लिहा.

तपासा: एससी-१ पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवतात त्या उंदराच्या पेशी) व्हायरस वाढवून त्यात औषध टाकून बघितलंय का? डिशमध्ये व्हायरस अडत नसेल आणि उंदरात स्प्लीन लहान होत असेल तर ते औषध व्हायरसविरोधी नाही, दुसरंच काहीतरी करतंय.

## २. व्हायरस स्टॉक: सगळ्यात जास्त घोळ इथेच

एलपी-बीएम५ हा एक व्हायरस नाही, मिश्रण आहे. त्यात बीएम५ डिफेक्टिव्ह आहे जो स्वतः वाढू शकत नाही पण आजार तोच करतो, बीएम५ इको (इकोट्रोपिक) आहे जो मदतनीस म्हणून त्याला पॅक करून पुढे पोचवतो, आणि वर एमसीएफ (मिंक सेल फोकस) प्रकारचे व्हायरस असतात. डिफेक्टिव्हच आजाराचं मूळ आहे हे १९८९ मध्येच स्पष्ट झालंय, तरी अजून लोक स्टॉक मोजताना त्याला विसरतात.

विसरतात कसे तर एक्ससी प्लाक अ‍ॅसे करतात, म्हणजे एक्ससी पेशींवर व्हायरसने पाडलेले डाग मोजतात, आकडा छान येतो, खूश होतात. पण तो अ‍ॅसे फक्त इको मदतनीस मोजतो! पेशी वर्षानुवर्षं पॅसेज करत (एका डिशमधून दुसरीत हलवत) राहिलं की दोघांचं प्रमाण सरकतं, इको भरपूर आणि डिफेक्टिव्ह नावापुरता असा स्टॉक तयार होतो, टायटर (व्हायरसची मोजलेली मात्रा) उत्तम आणि उंदीर ठणठणीत. मी स्वतः असा एक अख्खा प्रयोग वाया घालवलाय, चार महिने गेले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आधी आम्हाला वाटलं औषध जबरदस्त आहे, मग कोणीतरी विचारलं की औषध न दिलेल्यांची स्प्लीन किती, तर ती पण लहानच होती.

म्हणून हे करा:

- इन्फेक्टेड एससी-१ पेशी कमी पॅसेजच्याच काढा आणि त्यांची मायकोप्लाझ्मा (पेशींत लपणारे जीवाणू) टेस्ट करा.
- सुपरनेटंट (पेशींवरचं द्रव) फिल्टर करून छोट्या छोट्या वाट्यांत (एका वापरापुरत्या कुप्यांत) उणे ८० ला ठेवा. एक वाटी एकदाच वितळवायची, उरली तर फेकायची. रेट्रोव्हायरस नाजूक असतो, वितळवला की ताकद कमी होते, आणि बर्फाबाहेर टेबलावर ठेवून गप्पा मारल्या तर अजून कमी.
- इकोसाठी एक्ससी प्लाक आणि डिफेक्टिव्हसाठी वेगळी आरटी-क्यूपीसीआर (व्हायरसचा आरएनए मोजणारी चाचणी), दोन्ही आकडे लिहा.
- नवीन बॅच आली की आधी चार-पाच उंदरांना टोचून आठ आठवडे थांबा. हो, वेळ जातो. तरी थांबा.

सावधान: आजारी उंदराच्या स्प्लीनचा रस काढून पुढच्या उंदराला टोचायची जुनी पद्धत वापरू नका. त्यातून लॅक्टेट डीहायड्रोजिनेज वाढवणारा उंदरांचा व्हायरस चोरून येऊ शकतो, तो उंदराला दिसायला आजारी पाडत नाही पण इम्यून रिस्पॉन्स पार बिघडवून टाकतो. तुम्ही मग नेमकं कशावर उपचार करताय तेच कळत नाही.

## ३. उंदीर निवडणं

सी५७बीएल/६ घ्या, चार ते सहा आठवड्यांचे. बाल्ब/सी आणि ए/जे दाद देत नाहीत. उपजात पण लिहून ठेवा, जे आणि एन मध्ये जनुकीय फरक आहेत, अर्धे इथून अर्धे तिथून असं तर अजिबात नको. माद्या घेतल्या तर बरं पडतं, नर मोठे झाले की भांडतात, चावतात, जखमेमुळे पण लिम्फ नोड फुगतात आणि तुम्ही ते व्हायरसच्या खात्यावर टाकता. दोन्ही लिंगं हवी असतील तर मग प्रत्येक ग्रुपमध्ये सारखी वाटणी करा.

आल्यावर किमान आठवडाभर स्थिरावू द्या. नैतिक समितीची परवानगी, वेदना कमी करायची योजना, कोणत्या टप्प्याला उंदीर शांतपणे मारायचा हे सगळं उंदीर यायच्या आधी कागदावर हवं, नंतर नाही.

## ४. ग्रुप किती आणि उंदीर किती

कमीत कमी चार ग्रुप: इन्फेक्शन नाही औषध नाही, इन्फेक्शन नाही औषध आहे, इन्फेक्शन आहे औषध नाही, इन्फेक्शन आहे औषध आहे. पाचवा म्हणून ज्याचा परिणाम माहीत आहे असं औषध, बहुधा एझेडटी, टाकलं तर प्रयोग स्वतःच सांगतो की मॉडेल चालू होतं का. "औषध नाही" म्हणजे काहीच नाही असं नसतं बरं का, औषध ज्यात विरघळवलं ते द्रावण त्यांनाही तितकंच आणि तसंच द्यायचं.

लोक पैसे वाचवायला दुसरा ग्रुप उडवतात. तोच तर सांगतो की औषधामुळे निरोगी उंदराची पण स्प्लीन आक्रसते का!

संख्येसाठी साधा हिशेब: १६ भागिले अपेक्षित फरकाचा वर्ग, फरक स्टँडर्ड डेव्हिएशनच्या पटीत मोजायचा. फरक १.५ पट धरला तर १६ भागिले २.२५ म्हणजे ७.१, म्हणून प्रत्येक ग्रुपमध्ये ८, वर एखाद-दुसरा गळतीसाठी.

आता इथे एक मोठी खाच आहे. औषध पाण्यातून देणार असाल तर एका पिंजऱ्यातले सगळे एकाच बाटलीतून पितात, म्हणजे तुमचं युनिट पिंजरा आहे, उंदीर नाही. वरचा आकडा मग पिंजऱ्यांना लागतो. ८ उंदीर एका पिंजऱ्यात कोंबून "एन बरोबर ८" लिहिलं तर खरं तर एन (नमुन्यांची संख्या) १ आहे. एका पिंजऱ्यात दोन-दोन ठेवून पिंजरे वाढवा आणि विश्लेषण पिंजऱ्यानुसार करा. नळीने पोटात देत असाल तर प्रत्येक उंदीर वेगळा मोजता येतो, पण उंदीर लेंड्या खातात त्यामुळे औषधवाला आणि बिनऔषधवाला एकत्र ठेवला तर थोडं औषध इकडून तिकडे जाऊ शकतं, हे लक्षात असू द्या.

वाटणी कॉम्प्युटरने रँडम करा. हाताला लागेल तो उचलायचा हे रँडम नसतं, सुस्त उंदीर आधी हाताला लागतो.

## ५. टोचणं

पोटाच्या पोकळीत इंजेक्शन, सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच बॅचच्या वाट्यांतून, बर्फावर ठेवून. निरोगी ग्रुपला इन्फेक्शन नसलेल्या एससी-१ पेशींचं सुपरनेटंट द्या, नुसतं सलाइन नाही. पिंजऱ्यांना हात लावायचा क्रम कायम निरोगी आधी, इन्फेक्टेड नंतर. ब्रीडिंगच्या उंदरांपासून रॅक वेगळा ठेवा. व्हायरसला चरबीचं आवरण असतं त्यामुळे ७० टक्के अल्कोहोल किंवा ब्लीचने मरतो, पण सुई परत टोपीत घालायची सवय मात्र सोडा.

## ६. औषध कधी सुरू करणार, हे आज ठरवा

टोचलेल्या दिवसापासून दिलं तर तो प्रतिबंध. तीन-चार आठवड्यांनी स्प्लीन वाढायला लागल्यावर दिलं तर तो उपचार. दोन्ही ठीक आहेत पण पहिल्याला दुसऱ्याचं नाव देऊ नका, आणि हे सर्रास चालतं.

फरक नुसता शब्दाचा नाहीये. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज अडवणारं औषध नवीन पेशीला लागण होऊ देत नाही, पण जिच्या डीएनएमध्ये व्हायरस आधीच जाऊन बसलाय तिला ते काही करू शकत नाही, आणि या आजारात तशा बी सेल विभागून विभागून स्वतःच वाढत जातात, प्रत्येक विभाजनात व्हायरसची कॉपी फुकट मिळते. मदतनीस नसलेला नुसता डिफेक्टिव्ह व्हायरस पण आजार करू शकतो तो त्यामुळेच. म्हणून एझेडटीसारखं औषध पहिल्या दिवसापासून चांगलं दिसतं आणि उशिरा दिलं की फिकं पडतं, हे औषधाचं अपयश नाही, आजाराची रीत आहे. पेशींची वाढ थांबवणाऱ्या औषधाचं गणित उलटं, शिवाय हा व्हायरस विभागणाऱ्या पेशीतच केंद्रकापर्यंत पोचतो त्यामुळे वाढ थांबली की लागणही आपोआप कमी होते, आणि औषध व्हायरसविरोधी नसून तसं दिसतं.

तपासा, औषधाचा पहिला थेंब देण्याआधी: उपचाराचा प्रयोग असेल तर प्रत्येक टोचलेल्या उंदराच्या रक्तात बीएम५ डिफेक्टिव्हची क्यूपीसीआर करा. लागण झालेल्यांचीच औषधाच्या ग्रुपमध्ये वाटणी करा. प्रतिबंधाच्या प्रयोगात हे शक्य नसतं, तिथे बिनऔषधाचा ग्रुप १०० टक्के आजारी पडला पाहिजे, नाहीतर प्रयोग बाद.

रक्त किती काढायचं तर २० ग्रॅमच्या उंदरात साधारण दीड मिलि रक्त असतं, त्याच्या दहा टक्क्यांच्या आत म्हणजे ०.१५ मिलिच्या खाली राहा.

पीसीआरमधली खाच सांगूनच पुढे जातो. उंदराच्या स्वतःच्या जीनोममध्ये जुने रेट्रोव्हायरस पडलेले असतात, सी५७बीएल/६ मध्ये तर एमव्ही२ नावाचा अख्खा इकोट्रोपिक प्रोव्हायरस (डीएनएत बसलेला व्हायरस) आहे. प्रायमर (पीसीआरने नेमकं काय पकडायचं ते ठरवणारे डीएनएचे तुकडे) ढोबळ असले की निरोगी उंदीर पण पॉझिटिव्ह येतो. बीएम५ डिफेक्टिव्हच्या गॅग जीनमधला जो भाग इतरांपेक्षा वेगळा आहे त्यावरच प्रायमर बसवा आणि प्रत्येक प्लेटवर निरोगी उंदराचा डीएनए लावा. उंदराच्या व्हायरसच्या पीसीआरने जगाला कसं फसवलं ते एक्सएमआरव्ही या व्हायरसच्या प्रकरणात दिसलंच, २००९ मध्ये क्रॉनिक फटीगचं (सततच्या थकव्याच्या आजाराचं) कारण सापडलं म्हणून गाजलं आणि २०११ मध्ये पेपर मागे घेतला गेला. तो व्हायरस मुळात प्रयोगशाळेतच, मानवी ट्यूमर उंदरांतून पॅसेज करताना तयार झालेला.

## ७. डोस खरंच पोटात जातोय का

उंदीर दिवसाला साधारण ३ ते ५ मिलि पाणी पितो. समजा पाण्यात औषध ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलि आहे आणि २० ग्रॅमचा उंदीर ४ मिलि प्यायला, तर ०.८ मिलिग्रॅम गेलं, म्हणजे किलोला ४० मिलिग्रॅम. पण हा कागदावरचा डोस झाला. औषध कडू असेल तर तो २ मिलिच पितो, मग डोस अर्धा, आणि वर तहानेने वजन कमी. बाटल्यांचं वजन दर दोन-तीन दिवसांनी करा, पाणी तेव्हाच बदला, प्रकाशाने खराब होणारं औषध असेल तर बाटली झाका. गळणारी बाटली पकडायला एक बाटली रिकाम्या पिंजऱ्यावर लावून ठेवा, सोपी युक्ती आहे आणि कोणी करत नाही.

उंदीर मुख्यतः रात्री पितात. शरीरातून लवकर निघून जाणारं औषध असेल तर दिवसभर रक्तात जवळपास काहीच नसतं. नळीने द्यायचं तर किलोला १० मिलिच्या आसपास, म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला ०.२ मिलि.

माणसाच्या डोसवरून हिशेब करताना किलोला किलो लावू नका. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने उंदराचा किलोमागचा डोस माणसाच्या साधारण १२ पट येतो. ही फक्त सुरुवात, खरं उत्तर रक्तातली पातळी मोजूनच.

## ८. मधल्या आठवड्यांत काय बघायचं

आठवड्यातून दोनदा वजन, पण वजनावर विश्वास ठेवू नका. विचित्र वाटेल पण आजारी उंदराची स्प्लीन, नोड आणि पोटातलं पाणी वाढत असतं आणि स्नायू झडत असतात, काट्यावर आकडा तोच राहतो आणि उंदीर आतून संपत येतो. २० टक्के वजन घटलं की थांबायचं हा नियम इथे उशिराच लागू होतो. पाठीच्या मणक्यांवरून बोट फिरवून बॉडी कंडिशन स्कोअर द्या, श्वास बघा, पोट बघा.

एझेडटी असेल तर हिमोग्लोबिन बघत राहा, बोन मॅरोवर ताण येऊन अ‍ॅनिमिया होतो.

## ९. शेवटच्या दिवशीची मोजमापं

पेशींची कामं त्याच दिवशी करावी लागतात त्यामुळे सकाळी लवकर सुरू करा, आणि एक ग्रुप सकाळी दुसरा संध्याकाळी असं करू नका, सगळ्या ग्रुपमधले मिसळून घ्या. मोजणाऱ्याला ग्रुप माहीत नको, नुसता कोड.

स्प्लीन: निरोगी सी५७बीएल/६ मध्ये साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम, पुढच्या टप्प्यात १ ग्रॅमच्या आसपास पण जाते. वजन करा, किती तुकडा कशासाठी कापला तेही वजन करून लिहा, नाहीतर एकूण पेशी काढता येत नाहीत.

फ्लो सायटोमेट्री (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणं): एफसी ब्लॉक (अँटीबॉडी नको तिथे चिकटू न देणारं द्रावण) विसरू नका, बी सेल इतक्या वाढलेल्या असतात की खोटे सिग्नल भरपूर येतात. पेशींवरच्या या खुणा मोजा: टी सेलसाठी सीडी४, सीडी८, थाय-१.२, बी सेलसाठी सीडी१९. एमएड्समध्ये सीडी४ असलेल्या पण थाय-१ नसलेल्या पेशी वाढतात, ही खूण औषधाने कमी होते का ते बघण्यासारखं आहे. आणि टक्के नाही, एकूण संख्या. बी सेल दहापट झाल्या तर टी सेलचा टक्का घसरणारच, टी सेल एकही न मरता.

टी सेलचं काम: कॉनकॅनाव्हलिन ए (टी सेलना विभागायला लावणारं प्रोटीन) देऊन वाढ बघतात. तीच खाच इथेही, वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) टी सेलच कमी पडल्या की रिस्पॉन्स कमी दिसतो. सीएफएसईने (दर विभाजनात निम्मा होत जाणारा रंग) रंगवून फक्त टी सेलवर गेट लावून विभाजन मोजा. औषध पेशींची वाढ थांबवणारं असेल तर पेशी नीट धुवा, नाहीतर उरलेलं औषधच वेलमध्ये काम करत बसतं.

इम्युनोग्लोब्युलिन: आजारी उंदराच्या सीरममध्ये ते इतकं जास्त असतं की नेहमीच्या डायल्यूशनला रीडिंग छताला टेकतं, सगळे सारखेच दिसतात. तीन-चार डायल्यूशन लावा.

व्हायरस: डिफेक्टिव्हचा डीएनए एका पेशीमागे किती, एका बी सेलमागे किती आणि अख्ख्या स्प्लीनमध्ये किती, तिन्ही काढा.

## १०. आकडे वाचताना

कोड उघडायच्या आधी मुख्य मोजमाप कोणतं ते लिहून सही केलेलं असलं पाहिजे. मग मी असं वाचतो:

स्प्लीन लहान, बी सेलमागे व्हायरस कमी, टी सेलचं काम परत आलं, निरोगी औषधवाला ग्रुप जसाच्या तसा: हे चांगलं. स्प्लीन लहान, बी सेलमागे व्हायरस तेवढाच, निरोगी ग्रुपची पण स्प्लीन आक्रसलेली: औषधाने पेशी मारल्या, बास. व्हायरस कमी पण टी सेलचं काम तसंच बंद: उशीर झाला असेल किंवा औषधच टी सेलना दाबतंय, निरोगी औषधवाला ग्रुप उघडून बघा, उत्तर तिथे आहे. सगळंच सुंदर पण बिनऔषधवाले पण बरे: स्टॉककडे परत जा, टप्पा २.

जगण्याचे दिवस मोजत असाल तर लॉग-रँक (ग्रुपांच्या जगण्याची तुलना करणारी चाचणी) लावा, आणि नियमाप्रमाणे शांत केलेले आणि आपोआप मेलेले दोन्ही कसे धरले ते लिहा.

लिहिताना ही मर्यादा पण पहिल्याच परिच्छेदात टाका की या आजारात माणसासारख्या सीडी४ पेशी संपून जात नाहीत, बी सेलची बेसुमार वाढ आणि टी सेलचं काम बंद पडणं हा इथला गाभा आहे. सोबत स्टॉकचे दोन्ही टायटर, पॅसेज नंबर, उंदराची उपजात, पिंजरे किती, औषध कोणत्या दिवशी सुरू केलं, रोज खरंच किती प्यायले आणि किती उंदीर मधेच गळले व का. उरलेल्या स्प्लीनचे तुकडे उणे ८० ला ठेवताना लेबलवर कोड नंबर घाला, ग्रुपचं नाव नाही, कारण परत तपासायची वेळ आली तर तेव्हाही मोजणाऱ्याला माहीत नसायला हवं.